लवळ्याच्या टेंकडीवरील वाट

पुणेकरांस टेंकडी ही वस्तु नवी नाहीं. पर्वती, चतुःशृंगी, वेताळ, फर्ग्युसनच्या मागचा मारुति, यांपैकीं एखाद्या तरी ठिकाणीं पहाटे उठून जाणारें माणूस ज्या घरांत नाहीं तें घर खऱ्या पुणेकराचें नव्हे, असें आमच्या मातोश्रींचें स्पष्ट मत आहे. परंतु ज्या टेंकडीविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे ती हवा खाण्याची टेंकडी नव्हे. ती मुळशी तालुक्यांत लवळें गांवच्या डोक्यावर आहे, आणि तिच्या माथ्यावर एक विद्यापीठ वसलेलें आहे.

फर्ग्युसन महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनीं, परदेशांतून पुण्यास शिकावयास आलेल्या मुलांच्या अडचणी पाहून, १९७१ सालीं ‘सिंबायोसिस’ ही संस्था काढली. २००२ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचें शहरांतलें जुनें आवार सेनापति बापट रस्त्यावर आहे, आणि पुढें वाढलेलें मोठें आवार लवळ्याच्या डोंगरावर. रुग्णालय पायथ्याकडे, विद्यालयें व वसतिगृहें माथ्यावर, आणि या दोहोंच्या मध्यें चढणीचा मोटाररस्ता, अशी तेथील एकंदर रचना आहे.

आमची पुतणी शहरांतील एका वास्तुकला महाविद्यालयांत चौथ्या वर्षास आहे. डोंगराळ जागेवरील एखादें विद्यापीठ निवडून त्याचे निरनिराळे भाग पायवाटेनें व सायकलवाटेनें कसे जोडतां येतील याची आंखणी करावी, असा अभ्यास तिच्या शिक्षकांनीं घालून दिला, आणि तिनें लवळें निवडलें. या आंखणीशीं त्या विद्यापीठाचा कांहींएक संबंध नाहीं. त्यांनीं आम्हांस बोलाविलें नव्हतें, आणि आम्हीही त्यांच्या फाटकाच्या आंत गेलों नाहीं. हें आरंभींच सांगितलेलें बरें.

सरकारी बांधकाम खात्यांत रस्ते आंखण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. म्हणून एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुतणीनें आपला संगणक आणून आमच्यापुढें उघडून ठेविला. पडद्यावर टेंकडीचें उपग्रहावरून घेतलेलें चित्र होतें, आणि त्यावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक हिरवी रेघ मोठ्या डौलानें वळणें घेत गेली होती.

“काका, कशी वाटते?”

“रेघ उत्तम आहे. ती वाट आहे कीं नाहीं, हें येथें बसून सांगतां येत नाहीं. तूं तेथें पायीं गेली आहेस काय?”

ती जरा गप्प राहिली. झोपाळ्यावर वाती वळीत बसलेल्या मातोश्री तेवढ्यांत म्हणाल्या, “अग, अण्णा कर्वे रोज चिखल तुडवीत हिंगण्याला जायचे. त्यांच्या वाटेचा नकाशा कोणी काढला होता?”

मातोश्रींचें हें बोलणें वरवर पाहतां विषयांतर होतें, परंतु तें अगदींच अस्थानीं नव्हतें. १९०० सालीं हिंगण्याच्या ओसाड माळावर झोपडी उभारून अण्णासाहेब कर्वे यांनीं आपला विधवाश्रम तेथें नेला, तेव्हां दिवसा फर्ग्युसनमध्यें गणित शिकवावें आणि काम संपल्यावर कित्येक मैल चालत आश्रमांत जावें, असा त्यांचा क्रम होता. पावसाळ्यांत तर वाट म्हणण्यासारखें तेथें कांहीं नसेच. त्याच माळावर पुढें १९१६ सालीं महिला विद्यापीठ उभें राहिलें. म्हणजे विद्यापीठ मागाहून आलें, वाट आधीं पडली; आणि आज त्या दिशेस जाणारा हमरस्ता कर्व्यांच्याच नांवानें ओळखला जातो. लवळ्यास क्रम उलटा आहे, एवढाच फरक. तेथें विद्यापीठ उभें आहे आणि आमची पुतणी वाट शोधीत आहे.

मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं आम्ही दोघें सायकलींनीं निघालों. आरंभ मुद्दाम सेनापति बापट रस्त्यावरून केला, कारण विद्यापीठाचे दोन भाग जोडावयाचे तर शहरांतला भाग सोडून कसें चालेल, असा पुतणीचा आग्रह होता. अंतर पंधरा-अठरा किलोमीटरांचें. शहराचा सायकल-आराखडा २०१७ सालीं मंजूर झाला हें आम्ही जाणतों. तथापि रस्त्याच्या कडेची सायकलवाट कोठें दिसावी, कोठें लुप्त व्हावी, आणि पुन्हां प्रकट व्हावी तों तिच्यावर कोणाची तरी मोटार निवांत विसावलेली असावी, असा अनुभव येत गेला. गणेशखिंडींतून जातांना डावीउजवीकडे न पाहणें आम्हांस जमत नाहीं. तेथील गव्हर्नराच्या जुन्या वाड्याच्या ४११ एकरांच्या आवारांत १९४९ सालीं पुणें विद्यापीठ सुरू झालें. आमच्या विद्यार्थिदशेंत तेथें एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत वडांच्या सावलींतून सायकलीनें जाण्यांत जो आनंद होता, तो त्या खात्यांतल्या व्याख्यानांत नेहमींच असे असें नाहीं.

पाषाण मागें पडल्यावर सुसची खिंड लागली. तेथें सायकलीनें आम्हांस नेलें असें म्हणण्यापेक्षां आम्हीं सायकलीस नेलें असें म्हणणें अधिक सत्यास धरून होईल. पुतणी पुढें जाऊन महामार्गावरच्या पुलाशीं आमची वाट पाहत उभी होती. घाम पुसतां पुसतां आम्हीं तिला पहिला धडा दिला. वीस मीटर पुढें जावें तेव्हां एक मीटर वर चढावें, इतका चढ सामान्य सायकलस्वारास लांबवर सोसतो. बारास एक झाला कीं तो उतरून चालूं लागतो. समजा, पायथा व माथा यांत दीडशे मीटरांचा फरक आहे. वीसास एक या प्रमाणानें वाट तीन किलोमीटर लांब झाली पाहिजे. बारास एक धरल्यास अठराशें मीटरांत भागेल, पण मग ती सायकलवाट न राहतां सायकल ढकलण्याची वाट होईल. अलीकडे विजेवर चालणाऱ्या सायकली निघाल्या आहेत, त्यांना चढाचें भय कमी. परंतु ज्या विद्यार्थ्याजवळ बापाची जुनी सायकल आहे त्याच्यासाठीं वाट आंखावयाची कीं नाहीं, हें आधीं ठरवावें.

“आमच्या सरांनीं डेव्हिसचें उदाहरण दिलें होतें,” पुतणी म्हणाली. कॅलिफोर्नियांतील या विद्यापीठाचे प्रमुख एमिल म्राक यांनीं, विद्यार्थी सायकलींनींच येणार हें धरून आवाराची रचना करा, असें आपल्या आंखणीकारांस १९६०च्या दशकांत सांगितलें होतें; आणि १९६७ सालीं त्या गांवानें रस्त्यांवर सायकलींसाठीं निराळे पट्टे आंखले. उदाहरण चांगलें आहे. पण डेव्हिस हें गांव ताटासारखें सपाट आहे, आणि लवळें हें वाटी उपडी घातल्यासारखें. ताटाचा नियम वाटीस लावतां येत नाहीं.

सुस हें गांव मुळशी तालुक्यांतलें. २०२१ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत गेलें. तेथील उंच इमारतींच्या रांगा संपून नांदे आलें, मुळा नदीचें खोरें उघडें झालें, आणि हवेंत वाळल्या गवताचा वास येऊं लागला. लवळ्यांत देवळाच्या पारापाशीं आम्हीं सायकली टेंकून ठेविल्या आणि विद्यापीठाच्या रस्त्यानें न जातां, गुरें ज्या वाटेनें चढतात त्या वाटेनें डोंगराच्या कुशीस लागलों.

येथें आमची जुनी विद्या जागी झाली. रस्ते आंखणाऱ्यानें यंत्र लावण्यापूर्वीं गुरांची वाट पाहावी, असें आमचे पहिले वरिष्ठ सांगत. गुरें कधीं सरळ चढत नाहींत. तीं डोंगराच्या अंगानें तिरपीं जातात, आणि पोट भरलेलें जनावर तर उगाच दमत नाहीं. ती वाट कोठें ओहोळ ओलांडते, कोठें कातळ टाळते, कोठें झाडाच्या सावलीस जरा रुंद होते, हें सारें पुतणीस दाखवीत आम्ही चाललों. वाट आंतल्या अंगास कललेली असली तर पावसाचें पाणी तिच्यावरूनच वाहूं लागतें आणि दोन पावसाळ्यांत तिचा नाला होतो. म्हणून तिला बाहेरच्या अंगास किंचित् उतार द्यावा आणि ठराविक अंतरावर दगडांची आडवी नाली घालून पाणी उताराकडे सोडून द्यावें. पुण्यापेक्षां पाऊस येथें जास्त, पौडास त्याहून जास्त, आणि ताम्हिणीकडे तर त्याचा हिशेबच निराळा. म्हणून ही गोष्ट मुळशींत विसरून चालत नाहीं. वर खडी व मुरूम दाबून बसवावा, सिमेंट नको. उन्हाळ्यांत या गवतास आगी लागतात, त्या वेळीं हीच वाट जाळरेषेचें काम करील, हाही एक लाभ आहे. माथ्यावरच्या उघड्या कातळांवर मात्र रुंदीकरणाचा मोह आवरावा. उन्हाळ्यांत उजाड वाटणारे सह्याद्रीचे असे कातळ श्रावण-भाद्रपदांत इवल्याशा फुलांनीं भरून जातात, आणि तेथील बोटभर मातीस तयार व्हावयास किती काळ लागला असेल याचा अंदाज कोणत्याही अंदाजपत्रकांत बसत नाहीं.

अर्ध्या डोंगरावर आम्ही पोहोंचलों तों वरून गवताचे भारे घेतलेल्या चारपांच बायका उतरत आल्या. आम्ही कडेस सरलों. त्यांच्या मागोमाग काठी टेकीत एक म्हातारबाबा येत होते. आमच्याकडे पाहून ते थांबले.

“कुठलं पाव्हणं?”

“पुण्याचे.”

“जिमीन बघायला आलाय का?”

आम्हीं नाहीं म्हटलें. मुळशींत आज पुण्याच्या माणसास हाच पहिला प्रश्न विचारला जातो, यांत त्यांचा दोष नाहीं. “वाट बघायला आलों आहों, आजोबा,” असें म्हणून पुतणीनें हातांतला नकाशा दगडावर पसरला आणि आपली हिरवी रेघ त्यांना समजावून सांगितली. त्यांनीं ती मनापासून ऐकली. मग रेघेच्या मधोमध, जेथें आम्ही उभे होतों तेथेंच, बोट ठेवून विचारलें, “तुमची सायकल वरनं येनार वाऱ्यासारखी, आन् बाई भारा घेऊन उतरनार. तिला मान वळवून मागं बघता येतं का? कुनी कुनाला चुकवायचं?”

या प्रश्नास आम्हां दोघांजवळही उत्तर नव्हतें. तीस वर्षें रस्ते आंखून ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती कीं, डोक्यावर भारा असलेल्या बाईस मागें वळून पाहतां येत नाहीं. सायकलीची घंटा वाजली तरी ती केवळ दचकेल. आणि दचकली तर पडेल. पुतणीची रेघ गुरांची आणि भाऱ्यांची ही वाट तीन ठिकाणीं ओलांडीत होती, आणि एके ठिकाणीं तर सुमारें तीनशें मीटर तिच्यावरूनच गेली होती. पडद्यावरच्या चित्रांत ती वाट दिसत नव्हती असें नाहीं. दिसत होती, पण ती कोणाची आहे, हें दिसत नव्हतें.

बाबा मग दगडावर बसले. त्यांची आई बुडितांतली होती, असें बोलतां बोलतां निघालें. बुडीत हा शब्द या तालुक्यांत निराळा समजावून सांगावा लागत नाहीं. मुळा व नीळा यांच्या खोऱ्यांतलीं जीं पन्नासांवर गांवें मुळशीच्या धरणानें घेतलीं किंवा मोडलीं, तें बुडीत. “आई म्हनायची, आधी चार मानसं साखळ्या घेऊन आली, काय तरी मोजून गेली. मोजनाऱ्याला पानी दिलं होतं आजीनं.” एवढें सांगून त्यांनीं काठी उचलली व ते बायकांच्या मागें उतरूं लागले.

परततांना पुतणी फारसें बोलली नाहीं. रात्रीं तिनें विचारलें, म्हणून आम्हीं तिला माहीत होतें तें सांगितलें. टाटांच्या वीज-योजनेसाठीं मुळशी पेट्यांत धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां मावळ्यांना त्याची वार्ता नोटिशीनें नव्हे, तर आपल्या शेतांत परवानगीवांचून खणलेल्या चाचणीच्या चरांनीं कळली, असें त्या लढ्याच्या इतिहासांत नमूद आहे. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रहास आरंभ झाला. पां. म. बापट व वि. म. भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बापटांस ‘सेनापति’ ही पदवी लोकांनीं त्याच लढ्यांत दिली. बायका-मुलें कामाच्या जागीं जाऊन बसत, तुरुंगांत जात. १९२४ सालच्या अखेरीस लढा संपला, धरण झालें, आणि पूर्वेस पुण्याकडे वाहणारें पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्यास उतरून मुंबईसाठीं वीज करूं लागलें. ज्या रस्त्यावरून आपण सकाळीं निघालों त्यास नांव दिलें आहे तें त्याच बापटांचें, हें सांगतांच ती म्हणाली, “रोज त्या रस्त्यानें जातें, पण कधीं विचार केला नाहीं.”

येथेंच थांबतां आलें असतें. परंतु या मासिकाचे वाचक आमच्यासारख्याच घरांतले आहेत, म्हणून पुढचेंही सांगतों. मुळशी पेट्यांतल्या पुष्कळशा जमिनी त्या काळीं पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या, आणि ते सावकार बव्हंशीं आपल्याच समाजांतले. मावळ्यांस जमीन हवी होती. सावकारांपैकीं अनेकांस मोबदला पुरे होता. आमच्या पणजोबांच्या दप्तरांत त्या खोऱ्यांतल्या एका शेताचें गहाणखत आहे. रक्कम येथें देत नाहीं, देण्यासारखी नाहीं. पणजोबा सत्याग्रहाच्या सभांस जात व बापटांविषयीं आदरानें बोलत, हें आमच्या घरांत वारंवार सांगितलें जाई. गहाणखताचा उल्लेख आम्हीं वडिलांच्या तोंडून एकदांच ऐकला. त्या रात्रीं आम्हीं दप्तर काढून तो कागद पुतणीपुढें ठेविला. मोडी तिला येत नाहीं. मातोश्रींनीं चष्मा लावून एकेक अक्षर जुळवीत वाचून दाखविला. चतुःसीमेंत एक ओढा होता, एक आंबा होता, आणि ‘दक्षिणेस गांवची वहिवाटीची वाट’ असे शब्द होते. शेत गेलें, आंबा गेला, वाटही गेली. कागदावर मात्र ती अद्याप दक्षिणेस आहे.

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें रेघ पुसून टाकली. नवी आंखणी पुरी होण्यास तिला तीन आठवडे लागले, आणि त्यांत आमचें साहाय्य चढ-उताराच्या गणितापुरतें होतें. जुनी वाट तिनें जेथल्या तेथें ठेविली. तिच्यावर सायकल नाहीं, फाटक नाहीं, पाटी नाहीं. विद्यार्थ्यांनीं पायीं जावयाचें तर त्यांनीं त्याच वाटेनें जावें, आणि भारा समोरून आला कीं कडेस सरावें. सायकलवाट तिनें डोंगराच्या दुसऱ्या अंगानें फिरवून नेली, वीसास एक हें प्रमाण न मोडतां. त्यामुळें तिची लांबी पहिल्या रेघेच्या जवळजवळ दीडपट झाली. दोन्ही वाटांची गांठ पडणें एके ठिकाणीं तरी अटळ होतें. तेथें तिनें सायकलवाट आधींच चढती करून घेतली, म्हणजे वरून येणाऱ्या सायकलीचा वेग त्या जागीं आपोआप मोडावा. आणि मध्यें दगडी पायऱ्यांचा असा खुबीदार अडथळा घातला कीं स्वारास उतरावेंच लागेल. त्या जागीं छातीइतक्या उंचीचा एक दगडी कट्टाही तिनें योजिला आहे. तमिळ मुलुखांत जुन्या वाटांवर वाटसरूंना ओझें टेकण्यासाठीं असे दगड उभारलेले असत. खालीं न वांकतां, कोणाची मदत न घेतां भारा त्यावर सरकवितां येतो आणि पुन्हां डोक्यावर घेतां येतो. ही कल्पना तिची स्वतःची. आम्हांस ती सुचली नसती.

परीक्षकांनीं तिला विचारलें कीं, सरळ जागा उपलब्ध असतां एवढा वळसा कशासाठीं? खर्च वाढतो, वेळ वाढतो, आणि गवताचे भारे आणखी दहा वर्षांनीं असतील कीं नाहीं कोण जाणे. शेवटचा प्रश्न खोटा नाहीं. लवळ्याच्या मुली आज महाविद्यालयांत जातात, गोठे कमी होत आहेत, आणि त्या पांच बायकांत पन्नाशीच्या आंतली एकच होती. पुतणीनें एवढेंच उत्तर दिलें कीं, भारा नसला तरी वाट राहील. गुण बरे मिळाले. पहिल्या रेघेस याहून अधिक मिळाले असते, अशी आम्हांस शंका आहे.

नकाशावर त्या जुन्या वाटेपुढें तिनें नियमाप्रमाणें ‘विद्यमान पायवाट’ असें लिहिलें होतें. लवळ्यास पुन्हां जाऊन, तिथल्या बायकांना विचारून, तिनें तें खोडलें आणि त्या म्हणतात तसें ‘गवताची वाट’ असें घातलें. आतां आषाढांत आणखी एकदां जावयाचें आहे, पाणी प्रत्यक्ष कोठून वाहतें तें पाहण्यास. कारण मार्गशीर्षांत पाहिलेल्या डोंगरावर विसंबून नाल्या घालणें हें आमच्या मतें निव्वळ धाडस आहे. सुसच्या खिंडींत या खेपेस कोण कोणास नेतें तें पाहावें. छत्र्या वाऱ्यानें उलटतील, इरलीं मिळालीं तर पाहा, असें मातोश्रींनीं आतांपासूनच बजावून ठेविलें आहे.